तोंडाची वाफ

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की मिनिएचरच्या, म्हणजे टेबलावर लढवायच्या चिमुकल्या पुतळ्यांच्या, खेळात माझा चालता बॉयलर, म्हणजे ‘कुंभकर्ण’ नावाचं वाफेचं यंत्र, पहिल्या पाळीत जागचा हलत नाही, आणि हा नियम कुठल्या पुस्तकातला नाही, माझा आहे. त्यावर पत्रांचा ढीग आला. काहींना तो नियम हवाय, काहींना माझी कानउघाडणी करायचीय. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो: मी एकतीस वर्षं बॉयलर अटेंडंट होतो. निवृत्त झालो आणि नातीनं हातात सव्वा इंचाचा एक माणूस आणि ब्रश ठेवला. म्हटलं होतं, आता वाफेशी संबंध संपला. कसला संपतोय!

प्रश्न: मी आयुष्यभर बुद्धिबळ खेळलो. घरात आता स्टीमपंक चकमकीचा खेळ आलाय. दोन्हीकडे पाच-सहा मिनिएचर, एक मोजपट्टी, फासे आणि पुठ्ठ्याच्या इमारती. पण पट कुठाय? चौकटीच नाहीत तर खेळी मोजायची कशी?

तुमची मोजपट्टी हाच पट. प्रत्येक गड्याला ठरावीक इंच चाल असते. बेसच्या, म्हणजे पायाखालच्या चकतीच्या, पुढच्या कडेपासून मोजायचं आणि पुढची कड तिथे नेऊन ठेवायची. पुढच्या कडेपासून मोजून मागची कड ठेवणारे महाभाग भेटतील, त्यांना बेसभर चाल फुकट मिळते. लक्ष ठेवा.

मोठ्या लढाईच्या खेळांत वीस-वीस सैनिकांचा गठ्ठा एकत्र सरकतो. स्कर्मिश म्हणजे चकमक. इथे एकेक जण वेगळा, त्याला स्वतःची चाल, स्वतःचं हत्यार, आणि मेला तर हळहळ वाटेल इतपत स्वतःचं तोंड. बहुतेक खेळांना तीन फूट चौरस टेबल पुरतं. स्टीमपंक हे नाव के. डब्ल्यू. जेटर या लेखकानं १९८७ साली ‘लोकस’ मासिकाला लिहिलेल्या पत्रात अर्धवट थट्टेनं सुचवलं आणि ते चिकटलं. वाफ आणि दातेरी चाकं प्रत्यक्षात पोचली त्याच्या कितीतरी पुढे गेली असती तर जग कसं असतं, एवढीच त्यामागची कल्पना.

बुद्धिबळवाल्या माणसाला एक गंमत सांगतो. यातल्या बऱ्याच खेळांत एक गडी मी हलवायचा, एक तुम्ही, असं आलटून पालटून चालतं, आणि सगळे हलले की एक पाळी संपते. माझ्याकडे सहा गडी आणि तुमच्याकडे चार असतील, तर शेवटचे दोन मी सलग हलवतो आणि तुम्हाला उत्तर द्यायला कुणी उरलेलं नसतं. म्हणून आधी बिनकामाचा गडी हलवावा, आणि मोक्याचा माणूस समोरच्याचे सगळे हलून होईपर्यंत राखून ठेवावा. समोरच्याला आधी बोलायला लावण्याची ही विद्या तुम्हाला शिकवायला नको.

प्रश्न: काका, कुंभकर्णाचा नियम सविस्तर द्या. आमच्याकडे वाफेचा लोखंडी गडी टेबलावर आला की खेळच संपतो. चिलखत भक्कम, एका फटक्यात दोघे आडवे. बाकीचे आम्ही नुसते बघत बसतो.

हे दुखणं फार ठिकाणी आहे. याचं कारण असं की यंत्राच्या पाठीवर बॉयलर सगळे काढतात, पण त्यात पाणी कुणी भरत नाही.

खरा बॉयलर थंड असताना पेटवलात तर तो लगेच कामाला येत नाही. घाईनं तापवलात तर एक भाग आधी फुगतो, दुसरा मागे राहतो आणि नळ्यांचे सांधे गळायला लागतात. म्हणून तासन् तास दमानं घ्यावं लागतं. पेटल्यावरही नजर गेज ग्लासवर, म्हणजे पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीवर. पाणी खाली गेलं तर भट्टीचा माथा उघडा पडतो, तिथला फ्युजिबल प्लग, म्हणजे मऊ धातूचं बूच, वितळतो आणि वाफ आत शिरून आग विझवते. ते नशीब म्हणायचं, कारण प्लग वितळला नाही तर काय होतं ते कुणालाच सांगायची वेळ येऊ नये. पाणी जास्त झालं तर ते वाफेबरोबर पुढे जातं, आणि पाणी काही दाबलं जात नाही, सिलिंडरचं झाकण उडतं. थोडक्यात, यंत्र कितीही दांडगं असो, त्याच्या मागे फावडं घेऊन एक माणूस उभा असतो. चाल त्या माणसाची असते.

ही माझी अक्कल नाही. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात खेळण्यातल्या सैनिकांचे नियम छापले. त्यांची तोफ स्प्रिंगवर लाकडी गोळ्या उडवायची, पण ती उडवायची तर आपल्या बाजूची किमान चार माणसं तिच्यापासून सहा इंचांच्या आत हवीत, अशी अट होती. तोफ फोडता येत नसेल तर माणसं पांगवा. शंभर वर्षांपूर्वीचं हे औषध आजही लागू पडतं. प्रायव्हेटियर प्रेसनं काढलेल्या ‘वॉरमशीन’ या खेळात २००३ पासून वॉरजॅक नावाची वाफेची धूडं आहेत, तिथेही त्यांची खरी ताकद वॉरकास्टर नावाच्या माणसाकडून येते. तो दर पाळीला आपल्याकडचा फोकस, म्हणजे जादूची शक्ती, त्यांना वाटून देतो, आणि वाटताना त्याच्या स्वतःच्या हातात कमी उरतो.

माझा नियम असा. कुंभकर्णाजवळ दाबाची टोकनं ठेवायची, सुरुवात शून्यानं. चालायला एक टोकन, फटका मारायला एक, तोफ डागायला दोन. पाळी संपली की त्याच्या बेसला टेकून फावडेवाला उभा असेल तर तीन टोकनं मिळतात, नसेल तर एकच. सहाच्या वर साठवता येत नाहीत. सहाच्या वर गेलं की सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो, जास्तीची टोकनं जातात आणि पुढची पूर्ण पाळी त्याच्याभोवती तीन इंच वाफच वाफ. आतून बाहेर किंवा बाहेरून आत कुणाला काही दिसत नाही, आपल्या माणसांनाही नाही. एवढं केलंत तर संघ निवडताना मोजतात ती त्याची पॉइंटांमधली किंमत पाचव्या हिश्शानं उतरवा, नाहीतर त्याला कुणी घेणारच नाही.

पाण्याचं वेगळं टोकन आणि कोळशाचं वेगळं, असंही करून पाहिलं होतं. दोन डावांत काढून टाकलं. तो खेळ राहिला नाही, लॉगबुक भरणं झालं, आणि लॉगबुक मी एकतीस वर्षं भरलंय.

एकच फरक बघा. कालपर्यंत ना अध्यात ना मध्यात असलेला फावडेवाला एकदम डावातला सगळ्यात मोलाचा माणूस होतो. नियम लागू केल्यावर पहिल्याच डावात नातीनं तिचा सगळ्यात स्वस्त बंदूकवाला गच्चीवर चढवला आणि दुसऱ्या पाळीत माझे दोन्ही फावडेवाले टिपले. पुढचा अख्खा डाव कुंभकर्ण पाळीला एक पाऊल टाकत होता. चौथ्या पावलाला तो एका पिंपापर्यंत पोचला आणि तिथेच डाव संपला.

प्रश्न: सोबत फोटो पाठवतोय. पितळी यंत्रमानवावर गंज दाखवायला तीन रात्री घातल्या, तरी सगळे म्हणतात खोटं वाटतं. कुठे चुकलं?

फोटो भिंग लावून पाहिला. हात चांगला आहे तुमचा, माझ्यासारखा थरथरत नाही. चूक रंगाची नाही, धातूची आहे. तुम्ही नारिंगी गंज पितळी नळ्यांवर चढवलाय. गंजतं ते लोखंड. पितळ आणि तांबं आधी काळवंडतं, मग कळकतं, सांध्यात हिरवट-निळं साचतं.

मी कसं करतो ते सांगतो. पितळेच्या भागांना आधी गडद तपकिरी रंग देतो, कारण धातूचे अ‍ॅक्रिलिक रंग विरळ असतात, खालचं दाखवतात. त्यावर पितळी रंगाचे दोन पातळ हात. वाळला की तपकिरी वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, तो खाचांत आपोआप उतरतो. मग पितळीत थोडी चांदी मिसळून फक्त कडा उजळायच्या. आता निळसर हिरवा रंग दुधासारखा पातळ करा, रिव्हेटच्या भोवती आणि नळीच्या कोपऱ्यात सोडा, आणि अर्धा मिनिट थांबून वरवरचा बोटानं पुसून घ्या. बोटानंच. ब्रशनं पुसलात तर सगळीकडे सारखं पसरतं, आणि कळक कधीच सारखा नसतो.

आता जिथे माणसाचा हात लागतो तिथे उलटं. व्हॉल्व्हच्या चाकाची कड आणि भट्टीच्या दाराची मूठ चकचकीत हवी. आमच्या बॉयलरचं मुख्य चाक मधल्या आऱ्यांपाशी काळंकुट्ट होतं आणि कड आरशासारखी, कारण दिवसातून चारदा कुणीतरी ती धरायचं. सव्वा इंचाच्या माणसाशेजारी ते चाक मसुराच्या डाळीएवढं असतं, पण तेवढी एक कड चमकवलीत की बघणाऱ्याला न सांगता कळतं की हे यंत्र कुणीतरी चालवतंय.

भट्टीच्या दाराजवळचं उघडं पोलाद तापून रंग बदलतं. दारापासून लांब गवताळ पिवळा, मग तपकिरी-जांभळा, आणि दाराला लागून निळा. हा क्रम उलटा करू नका. गवताळ रंग साधारण सव्वादोनशे अंशांना येतो, निळा तीनशेच्या आसपास. पातळ, अगदी पाण्यासारखे थर द्या. धुराड्याच्या तोंडाला गंज नको, काजळी हवी. गळक्या सांध्याखाली पांढरट खडूसारखा ओघळ काढा. जड पाण्याचे क्षार असेच साचतात, आणि हे कुणीच रंगवत नाही. गंज हवाच असेल तर पायाच्या तळव्यांना, साखळीला आणि जिथे रंगाचा पोपडा निघालाय तिथे, स्पंजाच्या तुकड्यानं ठिपके मारून.

कापसाची वाफ सुंदर चिकटवलीय, पण नळीच्या तोंडालाच चिकटवलीय. खरी वाफ दिसत नाही. नळीतून निघते तेव्हा ती काचेसारखी आरपार असते. थोडं पुढे जाऊन हवेत गार झाली, थेंब झाले, की पांढरी दिसते. आमच्याकडे नव्या पोराला पहिल्या दिवशी हेच सांगायचे: पांढऱ्याला भिऊ नकोस, पांढऱ्याच्या अलीकडे जे काही दिसत नाहीये त्याला भी. तेव्हा कापूस बारीक तारेवर बसवा, आणि नळी आणि कापूस यांच्यात तांदळाच्या दाण्याएवढी मोकळी जागा सोडा.

प्रश्न: सगळे पात्र गॉगल टोपीवर का लावतात? डोळ्यांवर का नाही?

कारण डोळे रंगवायला तीन रात्री लागलेल्या असतात.

प्रश्न: सुपरग्लूनं चिकटवलं की भोवती पांढरी भुकटी येते. प्रायमर मारला तर सँडपेपरसारखा खरखरीत होतो. रेझिनची तलवार तर केळफुलासारखी वाकून आलीय. मी हा नाद सोडू का?

सोडू नका, हवा दमट आहे एवढंच. सुपरग्लू म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. त्याची वाफ उडते आणि शेजारी बसून पांढरी होते; ग्लू जास्त आणि हवा ओली असेल तर अधिकच. टाचणीच्या टोकानं थेंब द्या, दोन्ही तुकडे दाबून धरा, आणि चिकटल्यावर वारा लागेल असं ठेवा. तरीही आली तर घाबरू नका, प्रायमरखाली ती लपते. फक्त काचेजवळ हा ग्लू वापरू नये. माझ्या कप्तान बाईच्या गॉगलला मी पारदर्शक भिंगं त्यानंच लावली आणि सकाळी बघतो तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. भिंगं, खिडक्या, दिव्यांच्या काचा यांना साधा पांढरा गोंद लावा. वाळला की पारदर्शक होतो.

स्प्रे प्रायमर लांबून मारलात तर थेंब हवेतच वाळतात आणि वाळूसारखे बसतात. वीस ते तीस सेंटिमीटर अंतर, कॅन भरपूर हलवलेला, आणि एकाच जागी न थांबता झरझर फवारे. पाऊस धरलेला असेल त्या दिवशी कॅनला हातच लावू नका. ब्रशनं लावायचा प्रायमर मिळतो, तो बिचारा हवा बघत नाही. मॅट व्हार्निशचंही तसंच आहे. ओल्या हवेत त्याच्यावर धुकं चढतं, आणि रंगवून झालेल्या कामावर ते चढलं की माणूस दोन दिवस कुणाशी बोलत नाही. अनुभव आहे.

तलवार कढत पाण्यात क्षणभर धरा, मऊ पडेल. सरळ करा आणि लगेच गार पाण्यात बुडवा. चिकटवण्याआधी रेझिनचे तुकडे कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशनं धुवायचे, कारण साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेलकट काहीतरी अंगावर असतं आणि त्यावर रंग धरत नाही. रेझिन घासायचं ते पाणी लावून आणि मास्क घालून. ती भुकटी फुप्फुसात जायला नको. प्लॅस्टिकचा ग्लू रेझिनवर किंवा धातूवर चालणार नाही. तो पॉलिस्टायरीन नावाचं प्लॅस्टिक वितळवून जोड घालतो, आणि इथे वितळायला काही नसतं. धातूचा जड हात वारंवार तुटत असेल तर दोन्हीकडे एक मिलिमीटरचं भोक पाडून त्यात पेपरक्लिपची तार घाला. आम्ही याला फिटरचं काम म्हणायचो, हे लोक पिनिंग म्हणतात.

प्रश्न: एक फासा, दोन फासे, दहा तोंडी फासा, आता पत्तेसुद्धा. चांगलं काय?

मजा कशात आहे ते तुम्ही ठरवा, मी हिशेब सांगतो. नेम लागायला एका साध्या फाशावर चार किंवा जास्त हवेत म्हणजे अर्धी शक्यता. प्रत्येक पायरीला साधारण सतरा टक्के इकडेतिकडे, कुठेही असा. दहा तोंडी फाशावर पायरीला बरोबर दहा टक्के. ऑस्प्रेनं २०१३ साली काढलेला ‘इन हर मॅजेस्टीज नेम’ हा स्टीमपंक चकमकीचाच खेळ दहा तोंडी फाशावर चालतो, आणि आकडेमोडीचा कंटाळा असेल तर तो बरा.

दोन फाशांची गंमत निराळी आहे. छत्तीस दानं संभवतात. सात किंवा जास्त हवेत तर एकवीस दानं तुमच्या बाजूची, म्हणजे ५८ टक्के. समोरचा भिंतीआड गेला आणि आता आठ हवेत, तर पंधरा दानं, ४२ टक्के. एका पायरीत सोळा-सतरा टक्के गेले. पण ज्याला आधीच दहा हवेत त्याला अकरा करून ठेवलंत तर सहा दानांची तीन होतात, १७ वरून ८ टक्के, फक्त आठ-नऊ गेले. म्हणून भिंतीआड लपायचं ते चांगल्या नेमबाजापासून, ज्याला सात पुरतात. भिकार नेमबाजासाठी भिंत वाया घालवू नका. माझी नात हे गणित कधी करत नाही आणि तरी बरोबर त्याच भिंतीआड जाते, हा भाग वेगळा.

पत्त्यांवर चालणारा खेळ म्हणजे विर्ड कंपनीचा ‘मालिफॉ’, २००९ सालचा. प्रत्येकाकडे दोन जोकर धरून चौपन्न पत्त्यांचा कॅट आणि हातात सहा पान राखून. उलटलेलं पान आवडलं नाही तर बरेचदा हातातलं पान त्याजागी टाकता येतं. इथे दैव संपतं. फाशाला आठवण नसते. तीनदा एक पडला म्हणून चौथ्यांदा सहा पडेल असं काही नाही. कॅटमध्ये मात्र तीन रद्दी पानं निघून गेली म्हणजे ती पिसेपर्यंत परत येत नाहीत. नशिबाच्या नावानं बोटं मोडणाऱ्या माणसानं पत्त्यांकडे जावं.

प्रश्न: मित्राशी बोलणं बंद आहे. माझ्या बंदूकवालीच्या मागे जाऊन डोळा लावला तर त्याच्या गुप्तहेराच्या कोटाचं टोक भिंतीबाहेर दिसत होतं. मी गोळी झाडली. तो म्हणतो कोट म्हणजे शरीर नव्हे. कोण बरोबर?

तो. मिनिएचरच्या डोळ्यांतून बघायचं असं म्हणणारे नियमही बहुधा धड आणि डोकंच धरतात. कोटाची शेपटी, बंदुकीची नळी, पाठीवरचं धुराडं मोजत नाहीत. पण तुमचं भांडण मिटलं तरी पुढचं होणारच. तो उद्या गुडघ्यावर बसलेला पुतळा आणेल, जो कुठल्याही कुंपणाआड पूर्ण लपतो, आणि तुमची बाई तलवार उंचावून खडकावर उभी, म्हणून सगळ्यांना दिसते. देखणी पोझ घेतली म्हणून आधी मरायचं, हा काय न्याय? त्यापेक्षा प्रत्येक बेसवर ठरावीक उंचीचा एक अदृश्य डबा उभा आहे असं धरा. लहान बेसला दीड इंच, यंत्राच्या मोठ्या बेसला अडीच. डबा दिसला तर माणूस दिसला. हे पहिला फासा पडायच्या आधी ठरवायचं. आणि मित्राला फोन करा, गोळी परत घेतली म्हणून सांगा.

प्रश्न: वाफेवरचं विमान, वाफेचा माणूस, गिअरचा मेंदू, हे सगळं कल्पनेतलंच ना?

पूर्ण नाही. आंरी जिफार या फ्रेंच इंजिनिअरनं २४ सप्टेंबर १८५२ रोजी पॅरिसहून वाफेच्या इंजिनावर हवाई जहाज उडवलं आणि सत्तावीस किलोमीटर नेलं. फुग्यात पेट घेणारा वायू, खाली तीन अश्वशक्तीचं इंजिन आणि पेटती भट्टी. ठिणगी वर जाऊ नये म्हणून धुराडं खाली वळवलेलं! तुमच्या मिनिएचर विमानाचं धुराडं वर असेल तर ते फिरवून घ्या. वाऱ्याविरुद्ध परत येण्याइतकी ताकद मात्र त्या इंजिनात नव्हती. याच जिफारनं १८५८ साली इंजेक्टर काढला, जो फिरत्या भागाशिवाय वाफेच्याच जोरावर बॉयलरमध्ये पाणी ढकलतो. मी अर्धं आयुष्य इंजेक्टर चालवला, आणि तो माणूस उडाला होता हे मला या खेळाच्या नादानं साठीनंतर कळलं.

वाफेच्या माणसाचं पेटंट झॅडॉक डेडरिक यांनी अमेरिकेत १८६८ साली घेतलं. तो गाडी ओढायचा, आणि मागच्या गाडीच्या आधारानं उभा राहायचा.

मेंदूची मात्र पंचाईत आहे. इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेज यांचं दुसरं डिफरन्स इंजिन, म्हणजे दातेरी चाकांवर हिशेब करणारं यंत्र, त्यांच्या हयातीत झालंच नाही. लंडनच्या सायन्स म्युझियमनं त्याचा हिशेबाचा भाग १९९१ साली बांधला, छपाईचा भाग २००२ साली पुरा केला. एकूण सुमारे आठ हजार भाग, पाच टन वजन, अकरा फूट लांबी. आपल्या २८ मिलिमीटरच्या मापात ते यंत्र साडेपाच सेंटिमीटर लांब होईल, म्हणजे माणसाच्या दुप्पट. आणि त्याला फक्त तक्ते काढता येतात. यंत्रमानवाच्या डोक्यात ते बसणार नाही. ओढगाडीवर ठेवून मागून ढकलत आणलंत तर माझी हरकत नाही, उलट एक झकास डाव होईल.

प्रश्न: मुलाला जुन्या धातूच्या मिनिएचरचा डबा कुणीतरी दिलाय. काहींवर पांढरी पूड आहे. खेळू देऊ का?

पूड आलेल्या नको. जुन्या धातूत शिसं असायचं, आणि ती पूड शिशाचीच, विषारी. फुंकर मारू नका, घासू नका, पिशवीत बंद करून बाजूला ठेवा. बाकीच्यांना तुम्ही स्वतः रंग आणि व्हार्निश चढवा, घासकाम मुलाकडे देऊ नका, खेळून झालं की हात धुवायला लावा. तोंडात घालायच्या वयाचा असेल तर डबा माळ्यावर.

प्रश्न: आजोबा, मी दहा वर्षांचा आहे. तुमचा कुंभकर्ण कधी जिंकलाय का?

एकदा, अरे. आणि तेही माझ्या विसराळूपणामुळे. टेबलाच्या मध्ये एक पेटी होती, ती उचलून आपल्या कडेनं बाहेर न्यायची होती. मी कप्तान बाई आणि बंदूकवाले हलवण्यात इतका गुंतलो की तीन पाळ्या कुंभकर्णाकडे बघितलंच नाही. फावडेवाला आपला इमानानं कोळसा टाकतोय. तीन, सहा, आणि मग नऊ. नात म्हणाली, “आजोबा, तुमचा व्हॉल्व्ह उडाला.” मी कपाळाला हात लावला, कारण माझी कप्तान नेमकी पेटी घेऊन त्याच्या शेजारून चालली होती. आता तीन इंच पांढरी वाफ, आत माझे तीन जण, आणि बाहेर तिचे चार बंदूकवाले, सगळ्यांना सात पुरत होते. एकालाही काही दिसेना. पुढच्या पाळीत कप्तान वाफेतून निघाली ती थेट टेबलाच्या कडेबाहेर, आणि कुंभकर्ण सहा टोकनं घेऊन वाटेत आडवा उभा राहिला.

नात अजून म्हणते की वाफ तीन इंच नव्हती, मी टेप तिरका धरला होता.

टेप किंचित तिरका होता.